बाहेरच्या लाकूडभट्टीतील पाण्याचे तापमान वरखाली होते तेव्हा काय तपासावे

विस्कॉन्सिन, मिनेसोटा किंवा मिशिगनसारख्या थंड राज्यात शहरापासून दूर, शेतजमिनीला लागून असलेले जुने घर घेतले की पुष्कळदा त्या घरासोबत परसातली, लाकडावर पाणी तापवून घर उबदार ठेवणारी लाकूडभट्टीही आपल्या वाट्याला येते. घराच्या मागे तीस-चाळीस मीटरवर पत्र्याच्या छोट्या खोलीसारखे, वर धुराडे असलेले हे यंत्र उभे असते आणि घर विकणारा जाताना ‘दिवसातून दोनदा लाकूड घालत जा’ एवढे सांगून निघून जातो. पहिल्या कडाक्याच्या थंडीत नियंत्रकाच्या पडद्यावरचा पाण्याच्या तापमानाचा आकडा कधी १८८ वर, तर कधी १५० वर दिसू लागला की नवा मालक घाबरतो आणि जे बटण हाताला लागेल ते फिरवतो. हा लेख अशा नव्या मालकांसाठी आहे. बिघाड कोठे आहे हे ठरवण्यापूर्वी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कोठे हात लावू नये, हे त्यात सविस्तर सांगितले आहे. या भट्ट्यांचे सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात म्हणून मीही तेच वापरले आहेत आणि आवश्यक तेथे सेल्सियस दिले आहेत.

भट्टीत नेमके काय घडते

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना या भट्टीची रचना समजायला वेळ लागणार नाही. बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी असते. येथेही पोलादी जळणपेटीच्या सर्व बाजूंनी पाण्याचे कवच असते, मात्र त्यात काहीशे लिटरपासून दीड हजार लिटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक पाणी मावते. बहुतेक भट्ट्यांमध्ये हे पाणी दाबाखाली नसते. वर एक उघडी नळी असते आणि तिच्यातून वाफ व वाढलेले पाणी बाहेर पडू शकते. हे तापलेले पाणी पंपाने जमिनीखालच्या, उष्णतारोधक वेष्टनातल्या पाइपातून घरात जाते. तेथे ते गरम हवेच्या यंत्रणेतील रेडिएटरला, फरशीखालच्या नळ्यांना किंवा अंघोळीच्या पाण्याच्या टाकीला उष्णता देते आणि निवून परत भट्टीत येते.

आगीवर लक्ष ठेवणारा भाग म्हणजे अ‍ॅक्वास्टॅट. तो १८५ अंशांवर आणि १० अंशांच्या फरकावर लावलेला असेल, तर पाणी १७५ अंशांपर्यंत उतरल्यावर हवेची झडप उघडते किंवा पंखा सुरू होतो, आग पेटते आणि पाणी १८५ अंशांना (८५ सेल्सियस) पोहोचताच हवा बंद होते. हवा बंद झाली तरी निखारे लगेच विझत नाहीत, त्यामुळे आकडा आणखी काही अंश चढतो. पुन्हा हवा मिळाल्यावरही ओंडक्यांनी पेट घेईपर्यंत आकडा आणखी काही अंश उतरतो. म्हणून १८५ वर लावलेल्या भट्टीत १७० ते १९० च्या दरम्यान चालणारी ये-जा हा बिघाड नव्हे, तो तिचा नेहमीचा श्वास आहे.

हा श्वास किती वेळाचा असावा याचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो. भट्टीत १,००० लिटर पाणी आहे असे धरू. ते १० अंश फॅरनहाइटने, म्हणजे साधारण साडेपाच अंश सेल्सियसने निवते तेव्हा सुमारे साडेसहा किलोवॅट-तास उष्णता बाहेर जाते. घर १२ किलोवॅट उष्णता ओढत असेल तर आकडा १८५ वरून १७५ वर यायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागेल, आणि कडाक्याच्या रात्री घर २० किलोवॅट ओढू लागले तर तीच उतरण वीस मिनिटांत होईल. म्हणजे रात्री आकडा दिवसाच्या मानाने जलद पडतो यात भट्टीचा दोष नसतो. याच हिशेबाने, हंगामाच्या सुरुवातीला १० सेल्सियसचे हजार लिटर पाणी ८२ सेल्सियसपर्यंत नेण्यास सुमारे ८४ किलोवॅट-तास लागतात. वाळलेल्या लाकडाची एकूण एक उष्णता पाण्यात उतरली तरी त्यासाठी वीस किलो लाकूड लागेल, आणि प्रत्यक्षात बरीच उष्णता धुराड्यातून जात असल्यामुळे त्याच्या दुप्पट धरावे. म्हणून पहिल्या दिवशी चार तासांनंतरही आकडा १२० वर असेल तर धीर धरावा.

आधी नोंद, मग दुरुस्ती

पहिली पायरी म्हणजे कशालाही हात न लावता तीन तास नोंद ठेवणे. माझा याबाबतीत आग्रह असण्याचे कारण असे, की पहिल्याच हिवाळ्यात मी नेमके उलटे केले. जानेवारीतल्या एका पहाटे, बाहेर उणे २६ सेल्सियस असताना, भट्टीचा आकडा १८२ वरून १४८ वर आलेला दिसला. मी लगेच अ‍ॅक्वास्टॅट १९५ वर नेला आणि जळणपेटी ओंडक्यांनी गच्च भरली, तरी पुढच्या दोन तासांत आकडा आणखी घसरला. शेजारच्या शेतावरचे वयस्क गृहस्थ आले, त्यांनी दार सावकाश उघडून लांब सळईने आत ढोसले, आणि वर कमानीसारखे अडकलेले ओंडके खालच्या निखाऱ्यांवर कोसळले. तासाभरात आकडा १६५ वर आला. पेटीतले लाकूड निखाऱ्यांपासून वीतभर वर लटकलेले होते आणि मी आणखी लाकूड घालून ती कमान अधिकच घट्ट केली होती. नोंद ठेवली असती तर पंखा सतत चालू असूनही आकडा पडतो आहे, म्हणजे दोष आगीत आहे, हे मला तेथेच कळले असते.

नोंद पाच ठिकाणी घ्यावी: नियंत्रकाचा आकडा, भट्टीतून बाहेर निघणारा पाइप, घरात शिरणारा पाइप, घरातून परत निघणारा पाइप आणि भट्टीत परत येणारा पाइप. दर अर्ध्या तासाने हे पाच आकडे, बाहेरचे तापमान, पंखा किंवा झडप चालू आहे की बंद, आणि शेवटचे लाकूड कधी घातले हे वहीत लिहावे. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक यासाठी सोयीचा असतो, पण चकचकीत तांबे किंवा पितळ यांवर तो फार कमी आकडा दाखवतो, कारण असा पृष्ठभाग स्वतःची उष्णता नीट उत्सर्जित करत नाही. मोजायच्या प्रत्येक जागी काळ्या इलेक्ट्रिक टेपचे दोन वेढे द्यावेत आणि टेपवरच मोजावे. ही खबरदारी न घेतल्यामुळे चांगला पंप बदलून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

तीन तासांनंतर वही समोर ठेवून एकच गोष्ट शोधायची असते: उष्णता तयारच होत नाही, तयार होते पण घरापर्यंत पोहोचत नाही, की पोहोचण्याआधी वा पोहोचल्यावर कोणीतरी ती भसकन ओढून घेते. पाचही आकडे एकत्र आणि सावकाश उतरत असतील आणि पंखा चालू असेल, तर दोष आगीत किंवा लाकडात आहे. भट्टी १८० वर असून घर थंड असेल, तर दोष पंपात, पाइपात अडकलेल्या हवेत किंवा घरातल्या रेडिएटरमध्ये आहे. भट्टीतून निघताना आणि घरात शिरताना घेतलेल्या आकड्यांत मोठा फरक असेल, तर उष्णता जमिनीत मुरते आहे. आकडा क्षणात १७९, क्षणात १५२ आणि पुन्हा १८१ असा उड्या मारत असेल, तर ते पाण्याचे तापमान नसते, कारण हजार लिटर पाणी इतक्या झटपट तापत किंवा निवत नाही. अशा वेळी सेन्सर किंवा त्याची तार पाहावी.

सेन्सरचा विषय येथेच संपवतो. तो पाण्यात बुडालेल्या एका बंद धातूच्या नळीत बसवलेला असतो आणि कधीकधी त्या नळीतून अर्धा बाहेर सरकतो, मग तो पाण्याचे नव्हे तर आजूबाजूच्या हवेचे तापमान सांगू लागतो. भट्टीच्या मागच्या, उष्णतारोधक भरलेल्या उबदार कप्प्यात उंदीर हिवाळाभर राहतात आणि तारा कुरतडतात. वीजपुरवठा बंद करून मागचे झाकण काढावे, सेन्सर शेवटपर्यंत आत ढकलावा, तारेचे वेष्टन पाहावे आणि नियंत्रकाचा आकडा टेपवर घेतलेल्या मोजमापाशी ताडून पाहावा. पाच अंशांपर्यंतच्या फरकाची काळजी करू नये.

आग मंद असेल तर: लाकूड, राख आणि हवा

माझ्या अनुभवात तापमान पडण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ लाकडाच्या ढिगात सापडते, आणि नवा माणूस नेमके तेथेच सर्वांत शेवटी पाहतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणीच असू शकते. अशा १०० किलो लाकडात ५० किलो पाणी असले तर ते आधी तापवून वाफ करावे लागते, आणि मुळात जळण्यासारखे लाकूडही पन्नासच किलो उरते. २० टक्के ओलावा असलेल्या १०० किलो लाकडातून मिळणाऱ्या उष्णतेच्या तुलनेत या ओल्या लाकडातून निम्म्याहून थोडीच अधिक उष्णता मिळते. त्यापुढे ओली आग थंड असल्याने धूर अर्धवट जळतो आणि डांबरासारखा चिकट थर जळणपेटीच्या भिंतींवर बसतो. हा थर आग आणि पाणी यांच्यामध्ये गोधडीसारखा आड येतो, म्हणून पुढचे चांगले लाकूडही पाणी पूर्वीसारखे तापवू शकत नाही.

ओलावा मोजण्याचे दोन टोकांचे छोटे यंत्र अवजारांच्या दुकानात मिळते. ते ओंडक्याच्या जुन्या, उन्हाने वाळलेल्या टोकावर लावू नये. ओंडका नव्याने फोडावा आणि उघड्या पडलेल्या आतल्या पृष्ठभागाच्या मध्यावर रेषांच्या दिशेने टोके रोवावीत. गोठलेल्या लाकडावर आकडा चुकीचा येतो, म्हणून तुकडा रात्रभर घरात ठेवून मग मोजावे. २० टक्क्यांच्या खाली असेल तर उत्तम. मेपल फोडून, वारा लागेल असे रचून साधारण एका वर्षात वाळते, ओकला दोन वर्षे लागतात. या भागात ॲशची मेलेली झाडे स्वस्तात मिळतात, कारण २००२ मध्ये मिशिगनमध्ये प्रथम आढळलेल्या एमराल्ड ॲश बोरर या किड्याने असंख्य झाडे मारली आहेत. उभ्या वाळलेल्या अशा झाडाचा शेंडा कोरडा असतो पण बुंधा ओला असू शकतो, म्हणून दोन्ही मोजावे. किडा सरपणाबरोबर प्रवास करतो, तेव्हा लाकूड जवळपासचेच घ्यावे, दूरच्या जिल्ह्यातून आणू नये.

नव्या बनावटीच्या भट्टीत तर ओले लाकूड मुळीच चालत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये या भट्ट्यांच्या धुरावर देशव्यापी मर्यादा घातली आणि १५ मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या भट्ट्यांसाठी ती आणखी कडक केली. त्यामुळे आताच्या भट्ट्यांमध्ये बहुधा धुरातला वायू खालच्या किंवा मागच्या कक्षात पुन्हा जाळला जातो. त्यासाठी हवेच्या झरोक्यांवर निखाऱ्यांचा चांगला थर लागतो. सकाळी घाईत निखारे विरळ असतानाच मोठे ओंडके घातले की दुसऱ्या कक्षातले ज्वलन सुरूच होत नाही, धुराड्यातून पांढरा धूर निघत राहतो आणि आकडा हलत नाही. आधी मनगटाएवढ्या फाट्या टाकून निखारे वाढवावेत, मग मोठे लाकूड घालावे.

लाकूड घालण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. एकाच मापाचे जाड ओंडके आडवेतिडवे टाकले की वर सांगितलेली कमान होते, म्हणून लहान-मोठे मिसळून, दाराकडून मागच्या भिंतीकडे लांबीने रचावेत. दर खेपेला साधारण बारा तास पुरेल एवढेच घालावे. कमी थंडीच्या दिवसांत पेटी गच्च भरल्यास लाकूड तासन्‌तास धुमसत राहते आणि काजळी वाढते.

राखेबाबत दोन्ही टोके टाळावीत. राख पूर्ण काढली तर निखारे टिकत नाहीत, आणि साचू दिली तर हवेची भोके बुजतात आणि पंखा चालूनही आगीला हवा मिळत नाही. भोके मोकळी दिसतील एवढी राख काढावी, ती झाकणाच्या धातूच्या डब्यात घालावी आणि घर, गोठा किंवा सरपणाचा ढीग यांपासून दूर ठेवावी, कारण तिच्यातले निखारे काही दिवसांनीही पेट घेतात.

यानंतर हवेची वाट तपासावी. पाणी ठरलेल्या आकड्याखाली असताना भट्टीजवळ उभे राहून सोलेनॉइडचा, म्हणजे झडप उचलणाऱ्या विद्युतचुंबकाचा, ‘टक्’ आवाज येतो का आणि झडप पूर्ण उचलली जाते का ते पाहावे. पंख्याची भट्टी असेल तर त्याच्या पात्यांवर राख व काजळी साचल्यामुळे तो फिरतो पण वारा देत नाही, असे अनेकदा होते. वीज बंद करून पाती ब्रशने झाडावीत, झडपेच्या कडांवरचा चिकट थर खरवडावा आणि धुराडे व त्यावरची टोपी मोकळी आहे ना तेही बघावे.

दार उघडताना मात्र घाई करू नये. हवा बंद असताना पेटीत न जळलेला वायू साठलेला असतो आणि दार एकदम उघडल्यास ताजी हवा मिळून तो भपकन पेटतो. धूर सोडण्याची झडप असल्यास ती आधी उघडावी, दार दोन बोटे उघडून मिनिटभर थांबावे, तोंड बाजूला ठेवावे आणि मगच ते पूर्ण उघडावे. घरातल्या मुलांना या कामापासून लांबच ठेवावे.

भट्टी गरम, घर गार

भट्टीचा आकडा उत्तम आणि घर मात्र थंड, अशी स्थिती असेल तर पाणी किती वेगाने फिरते ते पाहावे. यासाठी एक सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे: दर मिनिटाला वाहणारे लिटर, गुणिले जाताना आणि परतताना पडणारा सेल्सियसमधला फरक, गुणिले ०.०७ म्हणजे घराला मिळणारे किलोवॅट. पंप मिनिटाला ३० लिटर देत असेल आणि फरक १० अंश असेल, तर घराला २१ किलोवॅट मिळतात. फरक एकदम २० अंशांच्या पुढे गेला तर पाणी रखडते आहे असे समजावे. याउलट घर थंड असून फरक दोन-तीन अंशच असेल तर पाणी नीट वाहते आहे, पण घरातला रेडिएटर धुळीने किंवा प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांमधून एका पाण्याची उष्णता दुसऱ्या पाण्याला देणारा भाग) आतल्या क्षाराने माखला आहे आणि उष्णता उचलत नाही.

पाणी रखडण्याची नेहमीची कारणे तीन आहेत. पंपाच्या अलीकडची जाळीची गाळणी गंजाच्या कणांनी भरलेली असते, तिच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, पाणी निवल्यावर ती धुवावी. दुसरे, पाइपाच्या उंच वळणात हवा अडकते आणि पंपातून खळखळ किंवा खडे हलल्यासारखा आवाज येतो. ही हवा व्हॉल्व्हच्या साह्याने, बागेच्या नळीने जोराचे पाणी सोडून भट्टीच्या दिशेने बाहेर काढावी लागते. तिसरे कारण पाण्याची घटलेली पातळी. वरची नळी उघडी असल्याने पाणी थोडेथोडे उडून जाते, पातळी पंपाच्या तोंडाजवळ आली की तो हवा ओढतो. पातळी दर आठवड्याला पाहावी. आणखी एक गोष्ट: पंप सतत चालू ठेवावा. विजेची बचत म्हणून तो बंद केला की भट्टीत वर कढत आणि खाली कोमट असे थर पडतात, आणि पंप सुरू होताच आकडा कोसळतो. अनेकांना बिघाड वाटणारी ही उतरण प्रत्यक्षात थर मिसळल्याची खूण असते.

जमिनीखालची हानी ओळखणे सोपे आहे. चांगल्या वेष्टनाच्या पाइपात भट्टीपासून घरापर्यंत एक-दोन अंश फॅरनहाइटहून अधिक उतरण होऊ नये. पाच-सहा अंश जात असतील, आणि अंगणातल्या बर्फावर भट्टीपासून घरापर्यंत वितळलेला सरळ पट्टा दिसत असेल, तर वेष्टनात भूजल शिरलेले आहे. स्वस्त, बुडबुड्यांच्या चकाकत्या कागदात गुंडाळलेल्या पाइपांत हे विशेष होते. हिवाळ्यात यावर उपाय नाही. उन्हाळ्यात चर खणून फोमने घट्ट भरलेला पाइप टाकावा, आणि खर्च मोठा असला तरी तो टाळू नये, कारण दररोजचे काही किलो लाकूड आपण मातीला देत असतो.

घरच एकदम उष्णता ओढत असेल तर

वहीत ठराविक वेळी, बहुधा सकाळी सहाच्या सुमारास, अर्ध्या तासात वीस-पंचवीस अंशांची उतरण दिसत असेल तर घरातले थर्मोस्टॅट पाहावेत. रात्री सगळ्या खोल्या थंड ठेवून पहाटे एकाच वेळी तापवायला लावले, किंवा गॅरेजची थंड काँक्रीटची फरशी तापवायला घेतली, की गार पाण्याचा लोंढा भट्टीत परत येतो. बंबात वरून बादलीभर गार पाणी ओतल्यासारखेच ते असते. खोल्यांच्या वेळा अर्ध्या अर्ध्या तासाने पुढेमागे कराव्यात आणि रात्री तापमान दोन-तीन अंशांहून अधिक उतरवू नये.

ही उतरण नुसती गैरसोयीची नाही. परत येणारे पाणी बराच काळ १४० अंशांखाली (६० सेल्सियस) राहिले तर धुरातली आम्लयुक्त वाफ जळणपेटीच्या भिंतींवर पाण्यासारखी ओघळते आणि पोलाद आतून गंजते. ही भट्टी हजारो डॉलरची असते आणि तिच्या भिंतीला पडलेले भोक वेल्डिंगने क्वचितच कायमचे बुजते. परतीच्या पाण्यात थोडे गरम पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवलेला आहे का, हे नव्या मालकाने पहिल्याच हिवाळ्यात तपासून घ्यावे. घरात जुना तेलाचा बॉयलर असेल आणि भट्टीचे पाणी त्यातूनही फिरत असेल, तर तो न पेटताही त्याच्या धुराड्यातून आपली उष्णता बाहेर जात राहते, तेही पाहून घ्यावे.

आकडा चढतच राहिला तर

उतरणाऱ्या आकड्यापेक्षा चढणारा आकडा धोक्याचा असतो. हवा बंद असतानाही पाणी १९५, २०० च्या पुढे जात असेल तर कोठून तरी चोरून हवा आत शिरते आहे. दाराच्या फटी बंद करणाऱ्या दोरीसारख्या गॅस्केटची परीक्षा कागदाने करावी: आग नसताना कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करावे आणि ओढावी, सहज निघून आली तर त्या जागी गॅस्केट दबलेले आहे. कडेभोवती चारी बाजूंनी अशी परीक्षा घ्यावी, बिजागऱ्यांचे स्क्रू कसावेत किंवा गॅस्केट बदलावे. झडपेखाली निखारा किंवा काजळीचा खडा अडकला असला तरीही हेच होते.

पाणी २०० च्या वर (९३ सेल्सियस) असेल त्या क्षणी काय करावे? दार उघडू नये, हवेची वाट बंद करावी, घरातले सगळे थर्मोस्टॅट वाढवून घराला उष्णता ओढू द्यावी आणि वरच्या उघड्या नळीपासून दूर राहावे, कारण तेथून उकळते पाणी उसळू शकते. पाणी उकळून पातळी घटली असेल तर लगेच गार पाणी कधीही भरू नये. उघड्या पडलेल्या तापल्या पोलादावर गार पाणी पडले तर वाफेचा स्फोट होऊ शकतो आणि पोलादाला तडा जातो. आग विझू द्यावी, भट्टी पूर्ण निवू द्यावी आणि मग हळूहळू पातळी आणावी. वीज गेली तर पंप थांबतो आणि बहुतेक भट्ट्यांत झडप आपोआप मिटते. तरीही निखाऱ्यांमुळे आकडा काही काळ चढतो, म्हणून वादळाचा इशारा असताना पेटी भरून ठेवू नये.

नवे पाणी भरल्यावर पाण्यातल्या गंजरोधक औषधाचे प्रमाण बदलते. उत्पादकाने दिलेल्या चाचणी-पट्टीने ते तपासून पूर्ववत करावे, आणि हे काम वर्षातून एकदा, आग पेटवण्याआधी, न चुकता करावे.

इतके करूनही कारण सापडले नाही आणि तंत्रज्ञाला बोलवायचे ठरले, तर दूरध्वनी करताना वही हाताशी ठेवावी. पाच ठिकाणचे आकडे, पंखा चालू-बंद असल्याच्या वेळा, लाकडाचा ओलावा, पाण्याची पातळी, अ‍ॅक्वास्टॅटचा आकडा व फरक, आणि घरात त्या वेळी काय काय तापत होते, एवढे सांगता आले तर तो येताना बहुधा योग्य सुटा भागच बरोबर घेऊन येतो.